विश्वासाचा निर्देशांक कोणाचा?

दर दोन महिन्यांनी रिझर्व्ह बँकेचे पतधोरण जाहीर होते आणि त्याच सुमारास ‘ग्राहक विश्वास पाहणी’ या नावाने काही आकडेही प्रसिद्ध होतात. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत अर्थविषयक पानावर एक ठरावीक मथळा झळकतो : ग्राहकांचा विश्वास वाढला, पुढील वर्षाबद्दल देश आशावादी. सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते तो मथळा संध्याकाळपर्यंत पाठ करतात. महागाई, बेकारी आणि घटती मजुरी यांविषयी कोणी प्रश्न विचारलाच, तर त्याला उत्तर म्हणून हाच आकडा पुढे करण्यात येतो. लोकच म्हणतात की बरे चालले आहे. मग तुम्ही कोण तक्रार करणारे?

हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. म्हणूनच हा आकडा कसा तयार होतो, तो कोणाच्या तोंडून वदवून घेतला जातो आणि त्यातून अर्थव्यवस्थेबद्दल नेमके काय सिद्ध होते, याची शांतपणे छाननी करणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे कर्तव्य ठरते. आकड्याला घाबरणे जितके चुकीचे, तितकेच आकड्याला शिव्या देऊन मोकळे होणेही चुकीचे.

प्रथम त्याची रीत पाहू. रिझर्व्ह बँकेने ही पाहणी २०१० च्या सुमारास सहा महानगरांत सुरू केली. पुढे शहरांची संख्या वाढत जाऊन ती एकोणीसवर पोहोचली आणि सुमारे सहा हजार कुटुंबांची मते त्यात घेतली जाऊ लागली. पाच गोष्टींबद्दल प्रश्न विचारतात : देशाची सर्वसाधारण आर्थिक स्थिती, रोजगार, किंमतींची पातळी, कुटुंबाचे उत्पन्न आणि कुटुंबाचा खर्च. प्रत्येक बाबतीत ‘सुधारले’ म्हणणाऱ्यांच्या टक्केवारीतून ‘बिघडले’ म्हणणाऱ्यांची टक्केवारी वजा करतात. पाच वजाबाक्यांची सरासरी काढून ती शंभरात मिळवतात. शंभराच्या वर आशा, शंभराच्या खाली निराशा. गेल्या वर्षाच्या तुलनेत आज कसे आहे, यावरून चालू स्थितीचा निर्देशांक निघतो. आजच्या तुलनेत पुढील वर्षी कसे असेल, यावरून भावी अपेक्षांचा निर्देशांक निघतो.

आता या एकोणीस शहरांत महाराष्ट्रातील शहरे किती? मुंबई आणि नागपूर ही दोन. या दोन शहरांच्या मध्ये जो सारा महाराष्ट्र पसरला आहे, त्याचा या निर्देशांकात आवाज नाही. अहिल्यानगरच्या पूर्वेस, पाथर्डीच्या वाटेवर असलेले भिंगार हे गाव उदाहरणादाखल घ्यावे. गावाला लष्करी छावणीचा शेजार आहे. एके काळी येथील आणि नगर शहरातील हातमागांवर विणलेली लुगडी दूरवर जात असत. पुढे हातमाग बसले. आज येथे एका बाजूला छावणीतील पगारदार आणि निवृत्तिवेतनधारक आहेत, ज्यांचे उत्पन्न महिन्याच्या महिन्याला येते. दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहतीत कंत्राटदाराच्या हाताखाली राबणारे तरुण, घरी बसून हजारामागे ठरलेल्या दराने विड्या वळणाऱ्या स्त्रिया, बांधकामावरचे मजूर आणि रस्त्याच्या कडेला हातगाडी लावणारे आहेत. एकाच गल्लीत राहणाऱ्या या दोन थरांना ‘ग्राहक’ या एकाच नावाने संबोधता येते काय? एकाच्या घरी नवे शीतकपाट घ्यावे की पुढच्या दिवाळीपर्यंत थांबावे असा विचार चालतो. दुसऱ्याच्या घरी तेल पाव किलो आणावे की अर्धा किलो, असा. दोघांच्याही उत्तरांना पाहणीत सारखेच वजन असते. परंतु एकाचा प्रश्न मनाचा आहे, दुसऱ्याचा खिशाचा.

२०२५ पासून ग्रामीण आणि निमशहरी भागांसाठीही अशी स्वतंत्र पाहणी प्रसिद्ध होऊ लागली आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. मात्र प्रश्नावलीचे अंतरंग तेच राहिले, तर चुकीचा काटा अधिक गावांत फिरवल्याने वजन बरोबर येत नाही.

काटा चुकीचा कसा, हे एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, शंभर कुटुंबांना विचारले. त्यांतील नव्वद म्हणाली की भाव वाढले आणि दोन म्हणाली की उतरले. भाववाढ ही वाईट बातमी. म्हणून या बाबीची वजाबाकी उणे अठ्ठ्याऐंशी येते. येथवर ठीक. मग त्याच शंभर कुटुंबांना विचारले, तुमचा खर्च वाढला काय? पंचाहत्तर म्हणाली वाढला, दहा म्हणाली कमी झाला. पाहणीच्या रीतीप्रमाणे खर्च वाढणे हे विश्वासाचे लक्षण. म्हणून येथे अधिक पासष्ट मिळतात. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत; पण रीत खरी आहे. डाळ, तेल, औषध, शाळेची फी आणि घरभाडे महागले म्हणून ज्या कुटुंबाचा खर्च वाढला, त्याची व्यथा एका रकान्यात दुःख म्हणून आणि दुसऱ्या रकान्यात आनंद म्हणून नोंदली जाते. एकाच महागाईने पाडलेला खड्डा तिच्याच मातीने निम्म्याहून अधिक बुजवण्याचा हा प्रकार आहे. रिझर्व्ह बँकेच्याच तक्त्यांत आवश्यक खर्च आणि चैनीचा खर्च वेगळे दाखवलेले असतात. ते वाचले तर खर्चाच्या वाढीत गरजेचा वाटा किती हे कळू शकते. परंतु निर्देशांकात एकूण खर्च जातो आणि मथळा निर्देशांकावर बेततात. तक्ते वाचण्याची तसदी कोण घेतो?

याहून गंभीर बाब भावी अपेक्षांची आहे. सरकारला आणि बाजाराला सर्वाधिक प्रिय असतो तो हाच निर्देशांक, कारण तो जवळजवळ नेहमीच शंभराच्या वर असतो. २०२१ च्या जुलैमध्ये, साथीच्या दुसऱ्या लाटेने घरोघरी माणसे हिरावून नेल्यानंतर, चालू स्थितीचा निर्देशांक ४८.६ इतका खाली होता. तरीही भावी अपेक्षांचा निर्देशांक १०४ होता. २०२४ च्या मार्चमध्ये चालू स्थिती ९८.५ आणि भावी अपेक्षा १२५.२. म्हणजे लोक म्हणत होते : आज गेल्या वर्षापेक्षा वाईट आहे, पण पुढचे वर्ष खूप चांगले जाईल.

ही आशा फळली काय, हे तपासणे कठीण नाही. कारण पुढच्या वर्षीची पाहणी नेमक्या त्याच बारा महिन्यांबद्दल विचारते. २०२१ च्या जुलैत बारा महिन्यांनी बरे दिवस येतील असे सांगणाऱ्या शहरांनी २०२२ च्या जुलैत जे सांगितले, त्यातून चालू स्थितीचा निर्देशांक ७७.३ निघाला. २०२४ च्या मार्चमध्ये १२५.२ इतकी आशा. २०२५ च्या मार्चमध्ये प्रत्यक्ष अनुभव ९५.५. काळ तोच, वर्ष तेच. आधी विचारले तर भरभराट, नंतर विचारले तर घट. ज्या अंदाजाला त्याच लोकांचा अनुभव अशा रीतीने खोटा ठरवतो, त्याला अर्थव्यवस्थेच्या प्रकृतीचा पुरावा म्हणणे हे शास्त्र नव्हे. ज्याच्याजवळ आजचा आधार नाही तो उद्याचा आधार घेतो. कष्टकऱ्याची आशा ही त्याच्या जगण्याची अट आहे. मुलीची फी भरण्यासाठी दागिना गहाण ठेवणारी स्त्री पुढच्या वर्षी तो सोडवून आणू असेच म्हणणार. तिच्या या उसन्या अवसानाला सरकारच्या कामगिरीची पावती म्हणून मिरवणे ही निव्वळ क्रूरता आहे.

हे मोजमाप जन्मास आले कोठे, हेही लक्षात घेतले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात जॉर्ज कातोना या हंगेरीत जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञाने १९४६ च्या सुमारास ग्राहकांच्या मनःस्थितीच्या पाहण्या सुरू केल्या. युद्धकाळात साठलेली बचत लोकांच्या हाती होती. मोटार, घर, धुलाईयंत्र अशा वस्तूंची खरेदी पुढे ढकलणे वा आज करणे त्यांच्या इच्छेवर अवलंबून होते. कातोना याचे म्हणणे असे की मागणी दोन गोष्टींवर ठरते : विकत घेण्याची ऐपत आणि विकत घेण्याची इच्छा. अर्थशास्त्रज्ञ ऐपत मोजतात. आपण इच्छाही मोजावी. म्हातारपणाची थोडीफार तरतूद असलेल्या आणि हप्त्याने वस्तू घेऊ शकणाऱ्या समाजासाठी हा विचार सयुक्तिक होता. ऐपत गृहीत धरली, तरच इच्छेला काही अर्थ. आपल्याकडे मात्र ऐपतीचा प्रश्न बाजूला सारून इच्छेचे तेवढे मोजमाप आयात करण्यात आले. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, हा आपल्या घरचा सिद्धांत आहे. पोहऱ्याला किती तहान लागली हे मोजून आडात पाणी चढत नाही.

शिवाय जेथे हे मोजमाप जन्मले, तेथेही ते आता निखळ आर्थिक राहिलेले नाही. अमेरिकेत अध्यक्ष बदलला की एका पक्षाच्या मतदारांचा विश्वास रातोरात उंचावतो आणि दुसऱ्याचा कोसळतो. पगार, भाव, नोकऱ्या यांत त्या रात्री काहीही फरक पडलेला नसतो. देशाची स्थिती कशी आहे असे विचारले असता माणूस पुष्कळदा आपण कोणाच्या बाजूचे आहोत हेच सांगतो. प्रचारयंत्रणा ज्याच्या हाती, त्याला हा निर्देशांक थोडाफार चढवता येतो, हा धोका आपल्या देशात कमी नाही.

येथे एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. मग ही पाहणी बंदच करावी काय? मुळीच नाही. उलट तिने एकदा फार मोलाची साक्ष दिली आहे, ती विसरता कामा नये. २०१९ च्या मे महिन्यात चालू स्थितीचा निर्देशांक शंभराच्या खाली उतरला आणि नोव्हेंबरात ८५.७ पर्यंत आला. तेव्हा साथ नव्हती, टाळेबंदी नव्हती. अर्थव्यवस्था मंदावली आहे हे सरकार मान्य करावयास तयार नव्हते. त्याच नोव्हेंबरात २०१७-१८ च्या राष्ट्रीय उपभोग-खर्च पाहणीचा अहवाल, माहितीचा दर्जा ठीक नाही असे कारण देऊन, रोखून धरण्यात आला. वृत्तपत्रातून जे बाहेर आले, त्यानुसार दरडोई प्रत्यक्ष उपभोग २०११-१२ च्या तुलनेत ३.७ टक्क्यांनी घटला होता. त्या वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ चार टक्क्यांच्या आसपास घसरली. म्हणजे ज्या वेळी मोठा आरसा झाकून ठेवला होता, त्या वेळी या लहान आरशाने चेहरा दाखवला. चालू स्थितीबद्दल, म्हणजे प्रत्यक्ष भोगलेल्या गोष्टींबद्दल, लोक खरे बोलतात. त्यानंतरची पाच वर्षे तो निर्देशांक शंभराच्या वर आला नाही. भांडण पाहणीशी नाही. तिच्यातील अनुभव दडवून आशेचा तेवढा डंका पिटणाऱ्यांशी आहे.

आणि विश्वास या शब्दाचा अर्थ तरी काय? नगर जिल्ह्याला तो कोणी शिकवण्याची गरज नाही. लोणी येथे प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून. सामान्य शेतकऱ्यांनी आपल्या तुटपुंज्या पुंजीतून त्याचे भाग घेतले. तो विश्वास मनाच्या लहरीतून आला नव्हता. संस्था आपली आहे, तिच्यात आपल्याला मत आहे, या अनुभवातून तो आला. त्याच जिल्ह्यात १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या डिसेंबरात निर्बंध घातले. ठेवीदाराला दहा हजार रुपयांपलीकडे काढता येईना. २०२३ च्या ऑक्टोबरात, पुरेसे भांडवल आणि उत्पन्नाची शक्यता नाही म्हणून, बँकेचा परवाना रद्द झाला. विमा महामंडळाकडून मिळणारे संरक्षण पाच लाखांपर्यंत. त्यापलीकडे ज्याची ठेव, तो अवसायकाच्या दारात. शंभर वर्षांहून जुनी संस्था मोडते तेव्हा परिसरातील छोट्या ठेवीदाराच्या मनात जी धडकी भरते, ती एकोणीस शहरांच्या कोणत्या निर्देशांकात उमटली? विश्वासाची मुळे संस्थांत असतात. पगाराची शाश्वती, ठेवीची सुरक्षितता, सरकारी दवाखान्यात औषध, निवृत्तीनंतर वेतन. या चार गोष्टी असतील तर विश्वास मोजावा लागत नाही, तो दिसतो. छावणीच्या पगारदाराच्या चेहऱ्यावर तो दिसतो, आणि विडी वळणारीच्या चेहऱ्यावर तो का दिसत नाही याचे उत्तरही त्यातच आहे.

मग अर्थव्यवस्था कशाने मोजावी? महाराष्ट्राला याचीही परंपरा आहे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा हिशेब मांडला, तेव्हा लोकांना कसे वाटते असे विचारले नाही. दिवसाला २,२५० उष्मांक देणारे अन्न किती कुटुंबांच्या आवाक्यात आहे हे विचारले. १९६०-६१ साली खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली असल्याचे त्यांनी दाखवले आणि राज्यकर्त्यांची झोप उडाली. १९७२ च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळला, तेव्हाही निर्देशांकाची गरज पडली नाही. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे खडी फोडत होती. तोच निर्देशांक होता. त्याच अनुभवातून आणि चळवळीच्या रेट्यातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. त्या आकड्याने माणसाची कृती मोजली होती. भर उन्हात घण उचलणारा माणूस खोटे बोलत नसतो.

आजही कृतीचे आकडे उपलब्ध आहेत. देशात २०१८-१९ साली सुमारे २ कोटी १२ लाख दुचाकी विकल्या गेल्या; २०२४-२५ साली, सहा वर्षांनंतर, १ कोटी ९६ लाख. याच काळात मोटारींची विक्री सुमारे ३४ लाखांवरून ४३ लाखांवर गेली. लोकसंख्या वाढली, रस्ते झाले, तरी सामान्य माणसाचे वाहन मागे आणि सुखवस्तू माणसाचे वाहन पुढे. कोणत्या ग्राहकाचा विश्वास वाढला, हे याहून स्पष्ट कोण सांगणार? सरासरीच्या बुरख्याआड हेच लपवले जाते.

यातून काही मागण्या ओघाने येतात. एक, उपभोग-खर्चाच्या आणि रोजगाराच्या राष्ट्रीय पाहण्या ठरल्या वेळी, सरकारला सोयीच्या असोत वा नसोत, प्रसिद्ध झाल्या पाहिजेत. अहवाल रोखण्याचा अधिकार मंत्र्यांच्या हाती राहता कामा नये. दोन, ग्राहक पाहणीचे निकाल उत्पन्नाच्या थरांप्रमाणे स्वतंत्र निर्देशांक काढून ठळकपणे जाहीर व्हावेत, आणि आवश्यक खर्चाची वाढ ही विश्वासाची खूण म्हणून मोजणे थांबवावे. तीन, जिल्हावार मजुरी, घरगुती कर्ज आणि गहाण सोन्यावरील कर्जे यांचे आकडे नियमितपणे लोकांपुढे यावेत. चार, सहकारी बँकांतील छोट्या ठेवीदाराला पूर्ण संरक्षण मिळावे.

परंतु मागण्यांची निवेदने देऊन कार्यकर्त्यांचे काम संपत नाही. भिंगारसारख्या प्रत्येक गावात कार्यकर्त्याला चार दारे उघडी असतात. किराणा दुकानात उधारीच्या वहीची पाने वाढली की घटली, आणि उधारी किती महिने तटते? विडी वळणाऱ्या बाईला आठवड्यात किती दिवसांचे काम मिळाले? औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर कंत्राटी मजुराची रोजी गेल्या वर्षी किती होती आणि आज किती? सोने सोडवायला किती जण आले आणि नव्याने ठेवायला किती? नावे न घेता, दर तीन महिन्यांनी, त्याच घरांत, तेच प्रश्न. हे काम कंटाळवाणे आहे. त्यात भाषणाची झिंग नाही. पण अशा पन्नास गावांच्या नोंदी हाती असतील, तर पुढच्या वेळी विधानसभेत वा चौकात ‘लोक आशावादी आहेत’ असे कोणी म्हणाले की त्याच्यापुढे वही उघडून ठेवता येईल.

नगरच्या भुईकोट किल्ल्यात, भिंगारपासून हाकेच्या अंतरावर, १९४२ ते १९४५ या काळात आचार्य नरेंद्र देव आणि त्यांचे सहकारी स्थानबद्ध होते. त्या तीन वर्षांत कोणी येऊन त्यांना देशाच्या भवितव्याविषयी विचारले असते, तर त्यांनीही आशाच व्यक्त केली असती. त्यावरून ब्रिटिश राजवट उत्तम चालली आहे असा निष्कर्ष कोणी काढला असता काय? भारतीय जनतेची आशा ही तिची स्वतःची कमाई आहे. ती राज्यकर्त्यांच्या जमेला धरण्याचा अधिकार कोणालाही नाही.